लांबच्यांसाठी फोन, जवळच्यांसाठी तोंड

विटा

चि. भाचीबाईस,


काल तुझ्या आईचा फोन आला होता. भांडी कोणी घासायची यावरून तुझं आणि तुझ्या रूममेटचं वाजलं, तिने फ्लॅटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला आणि आता तू दुसरीकडे खोली बघतेयस, असं कळलं. भांड्याला भांडं लागतंच, त्याचं नवल नाही. नवल याचं वाटलं, की तुम्ही तिघी एका घरात, मध्ये एकच भिंत, आणि सगळं भांडण आपापली दारं लावून, टाइप करून झालं. मामा म्हणून उपदेश करायचा मला हक्क आहे, तो बजावतो.

सांगणं एकच आहे. हाकेच्या अंतरावरच्या माणसाशी फोनवरून बोलू नये.

मी फोनच्या विरोधात आहे असं मात्र समजू नकोस. आपल्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यावर उभी राहिली. सोनं-चांदी गाळायला माणसं पार केरळ, तमिळनाडू, बंगालपर्यंत गेली आणि तिथलीच झाली. एसटीडी बूथचे दिवस मला चांगले आठवतात. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून बायाबापड्या झोप मोडून बूथबाहेर ताटकळायच्या. नंबर लागला की मीटरवरचे लाल आकडे भराभरा पळायचे आणि त्या धसक्याने अर्धं बोलणं गिळावं लागायचं. "बरा आहेस ना? पोरं बरी? ठेवते." झालं. आज त्याच घरातली म्हातारी व्हिडिओ कॉलवर कोइमतूरच्या नातवाला "आ कर बघू" म्हणते आणि त्याचा पडलेला दात बघते. हे सुख नाकारणारा करंटाच म्हणायचा.

पण जे लांबच्यासाठी आलं, ते आपण जवळच्यावर वापरायला लागलो. आमच्या गल्लीतही तेच. परवा एक आजोबा गेले, तर हार घातलेल्या फोटोखाली "भावपूर्ण श्रद्धांजली"ची रांग लागली. त्यांच्या घरी जाऊन बसायला माणसं मोजकीच. ज्यांनी रांग लावली त्यातल्या बऱ्याच जणांना चप्पल घालून चार घरं ओलांडायची होती, एवढंच.

भांडणात तर हे फारच महागात पडतं. तोंडावर भांडताना समोरचीचा चेहरा उतरला, आवाज कापरा झाला की आपलाही आवाज आपसूक खाली येतो. टाइप करताना ती सोय नाही. तू लिहितेस, ती वाचते, ब्लू टिक दिसते, उत्तर मात्र येत नाही. ती बिचारी दूध उतू जाईल म्हणून गॅसकडे धावलेली असते आणि इकडे "मला मुद्दाम टाळतेय" असं ठरवून तू पुढचे चार मेसेज ठोकून मोकळी. ही ब्लू टिक नोव्हेंबर २०१४ मध्ये आली, तेव्हा लोकांनी इतकी कुरकुर केली की ती बंद करायची सोय कंपनीला लगोलग द्यावी लागली. शिवाय तोंडचं बोलणं चार दिवसांनी विरतं. लिहिलेलं महिन्याने स्क्रीनशॉट होऊन पुढ्यात येतं. आणि ग्रुपवर भांडण म्हटलं की प्रेक्षक आला. तुमची तिसरी मैत्रीण गप्प बसली असेल, तर ती आपल्या विरुद्ध आहे असं तुम्हा दोघींनाही वाटलं असेल.

तुला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं मामा काय घेऊन बसलाय. पण समोरच्या माणसापेक्षा हातातल्या फोनवर जास्त विश्वास ठेवायची सवय कुठवर जाते, ते आपल्याच महाराष्ट्राने पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षुक आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तेव्हा मोबाइलवर फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारलं. माणसं समोर होती, आपण कोण ते सांगू शकत होती. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही "पाव्हणं, गाव कंचं?" असं विचारणारे आपण लोक. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन घातलं. तेवढं कंपनीच्या हातात होतं. समोरच्याला विचारायची सवय आपली आपणच लावून घ्यायची असते.

ती लावता येते. शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. कोरोनात शाळा ऑनलाइन झाली, पोरांच्या हातात मोबाइल आला तो सुटेना. २०२२ च्या १५ ऑगस्टपासून गावाने ठरवलं, की संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद, ते साडेआठच्या भोंग्यापर्यंत. सरपंचांनी हे पहिल्यांदा काढलं तेव्हा पुरुषमंडळींनी हसण्यावारी नेलं. मग त्यांनी बायकांना जमवलं, आणि बायकांनी ते उचलून धरलं. मला यातली मेख आवडते. एकट्याने फोन बाजूला ठेवला तर तो एकटाच पडतो, कारण बाकीचे स्क्रीनमध्ये मुंडी घालून बसलेले असतात. सगळ्यांनी मिळून ठेवला तर गप्पा आपोआप सुरू होतात.

तेव्हा तुम्ही तिघींनी मिळून ठरवा. वीजबिल, दूधवाला, किल्ली कोणाकडे, हे खुशाल ग्रुपवर. राग, रुसवा आणि माफी मात्र समोर बसून. जेवताना फोन खोलीत राहू दे. लगेच सगळ्या तयार होणार नाहीत. जी आधी ऐकेल तिच्यापासून सुरुवात कर. आणि खोली बदलायचीच असेल तर जरूर बदल, पण तेही तिला तोंडाने सांगून.

तिलाही हे पत्र दाखवावंसं वाटलं, तर फोटो काढून पाठवू नकोस. ऊठ आणि तिच्या हातात नेऊन दे.

कळावे,
तुझा मामा