देव झोपलाय का?

आजचे वाचन: यिर्मया १:११-१२



जॉब गेलाय, घरात आजारपण आहे, प्रार्थना करतोय पण काहीच हलत नाही. अशा वेळी एक प्रश्न मनात येतो, जो आपण चर्चमध्ये बोलून दाखवत नाही: देव झोपलाय का?

यिर्मया तरुण होता तेव्हा देवाने त्याला विचारलं, तुला काय दिसतंय? समोर होती बदामाची डहाळी. आपल्या रस्त्यांवरचा मोठ्या पानांचा देशी बदाम वेगळा. यिर्मयाच्या देशातला बदाम जानेवारी-फेब्रुवारीतच, पानं फुटण्याआधी फुलतो. बाकीची झाडं अजून निजलेली असतात, हा जागा होतो. इब्री भाषेत बदाम म्हणजे 'शाकेद', आणि 'शोकेद' म्हणजे जागा राहून लक्ष ठेवणारा. देव सांगतो, माझं वचन पूर्ण व्हावं म्हणून मी तसाच जागा आहे.

पण यानंतर यिर्मयाचं आयुष्य काही सोपं झालं नाही. लोकांनी त्याची थट्टा केली, त्याला चिखलाच्या विहिरीत सोडलं. सुमारे चाळीस वर्षांनी, इ.स.पू. ५८६ च्या सुमारास, यरुशलेम पडलं. देवाच्या वचनात न्यायाचा इशाराही होता, आणि तो खरा ठरला. म्हणजे देव जागा आहे याचा अर्थ वाईट घडणारच नाही, असा नाही.

मग आशा कुठे आहे? यिर्मया ३१:२८ उघडा. तिथे 'लक्ष ठेवण्याचा' तोच शब्द पुन्हा येतो. ज्या देवाने मोडताना लक्ष ठेवलं, तोच आता बांधायला आणि लावायला लक्ष ठेवणार आहे. म्हणूनच बाबेलमधल्या बंदिवानांना यिर्मया पत्रात लिहितो, घरं बांधा, बागा लावा (२९:५). आणि देवाच्या सगळ्या वचनांचं 'होय' आपल्याला ख्रिस्तात मिळालं. त्याची कबरही एका बागेतच होती, आणि ती रिकामी सापडली!

आपल्याकडे काटेसावर अशीच फुलते. फांदीवर एकही पान नसतं, तरी लाल फुलं. पुढच्या वेळी दिसली की दोन मिनिटं थांबा. हेडफोन काढा. मनातला तो प्रश्न देवालाच विचारा. त्याला राग येत नाही. आणि आज एक छोटी 'बाग' लावा: थांबलेलं एखादं काम, राहून गेलेला एखादा फोन.

प्रार्थना: प्रभू, मला काही दिसत नसलं तरी तू जागा आहेस. तुझ्या वचनावर मला टिकवून ठेव. येशूच्या नावात, आमेन.