कूळ, खंड आणि उतारा: कागदावरचे दोन-दोन अर्थांचे शब्द

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक काकू सातबारा घेऊन आल्या होत्या. आंब्याच्या कलमांसाठी अर्ज करायचा होता. उजवीकडच्या रकान्यात ‘कूळ’ या शब्दाखाली सासऱ्यांचं नाव दिसलं, तशा काकू खूश झाल्या. म्हणाल्या, “आमच्या कुळाचं नाव सरकारी कागदावर आहे, म्हंजे जमीन आमचीच की!” कुणी हसलं नाही, कारण बैठकीतल्या अर्ध्याअधिक जणींना तसंच वाटत होतं.

लग्न जमवताना आपण कूळ विचारतो, ते घराणं. कुळाचार, कुलदैवत हे त्यातलंच. सातबाऱ्यावरचं कूळ वेगळं. दुसऱ्याच्या मालकीची जमीन खंड देऊन कसणारा माणूस म्हणजे कूळ. वकिलाकडे काम देणाऱ्यालाही जुनी माणसं ‘वकिलाचं कूळ’ म्हणतात, तो तिसरा अर्थ.

आपल्या भागात हा शब्द नुसता पुस्तकातला नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात 1933 साली कुळांनी खोतांच्या विरोधात संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. जमिनी पडीक राहिल्या, लोकांनी हाल सोसले, पण संप 1939 पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. (चरी म्हणजे पाणी जायला खणलेला लांबट खड्डाही. पण या जिल्ह्यात ‘चरीचा’ म्हटलं की जुन्या माणसांना आधी संपच आठवतो.)

पुढे 1948 चा कुळकायदा आला. त्यात नंतर झालेल्या दुरुस्तीनुसार 1 एप्रिल 1957 या दिवशी जमीन कसणारं कूळ त्या जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. या दिवसाला कृषक दिन म्हणतात. पण ‘मानलं गेलं’ म्हणजे काम संपलं असं नाही. किंमत ठरायची, ती भरायची, मग कलम 32-म चा दाखला मिळायचा, त्यावरून फेरफार व्हायचा, आणि तेव्हा नाव कुळाच्या रकान्यातून निघून भोगवटादार म्हणून लागायचं. मालकीण विधवा असेल किंवा मालक अज्ञान असेल, तर ही खरेदी पुढे ढकललेली असे. अशी कितीतरी प्रकरणं मध्येच अडकली. म्हणून नाव अजून कुळाच्या रकान्यातच असेल, तर घरातल्या जुन्या पेटीत 32-म चा दाखला शोधा. सापडला तर तलाठ्याकडे जाऊन फेरफार झालाय का ते विचारा. नाही सापडला तर तहसील कार्यालयात चौकशी करा. काकूंच्या घरी दाखला सापडला, पत्र्याच्या डब्यात, लग्नपत्रिकांच्या खाली. फेरफार मात्र कुणी केलाच नव्हता. आता अर्ज दिलाय.

त्याच रकान्यात ‘खंड’ हा शब्द असतो. गटाच्या बैठकीत आपण सांगतो, “बचतीत खंड पाडू नका”, तिथे खंड म्हणजे मध्ये तुटणं. सातबाऱ्यावर खंड म्हणजे जमिनीचं भाडं. मुलांच्या भूगोलात आशिया खंड, तो आणखी निराळा.

‘बोजा’ही तिथेच बघायचा. डोक्यावरचा बोजा टोपलीबरोबर उतरतो. कागदावरचा कर्ज फेडलं तरी आपोआप उतरत नाही. बँकेकडून कर्ज फिटल्याचं पत्र घ्या, तलाठ्याला द्या, आणि नवा उतारा काढून नोंद गेली का ते डोळ्यांनी बघा.

आता उतारा म्हटलं की एक ताई पटकन म्हणाली, “लिंबू-अंडं तिठ्यावर ठेवतात तो?” तोही उताराच. विषावर देतात तो, धड्यातला, घाटातला, आणि गुंठ्याला भात किती आलं तोही. तलाठ्याकडे मागताना ‘सातबारा उतारा’ असं पूर्ण बोला.

पासबुकात ‘नावे’ लिहिलेलं असतं, ते नावांचं अनेकवचन नाही. कर्जखात्यात जे ‘नावे’ पडलं ते आपल्यावर चढलं, जे ‘जमा’ झालं ते फिटलं. बचतखात्यात जमा म्हणजे आपले पैसे आले, नावे म्हणजे गेले. कोळीवाड्यात नाव म्हणजे होडी, पण बँक ती बघत नाही.

आणि हप्ता. फारसीत हफ्त म्हणजे सात, म्हणून हप्ता म्हणजे आठवडा. आपण महिन्याच्या फेडीलाही हप्ताच म्हणतो. बाहेरच्या कंपनीचा माणूस कर्ज द्यायला आला की सही करायच्या आधी विचारा, “हप्ता आठवड्याचा की महिन्याचा? एकूण किती?” आमच्या शेजारच्या गटातल्या एकीने महिन्याचा समजून सही केली, आणि दुसऱ्याच सोमवारी माणूस दारात उभा.

गावांच्या नावांचंही तसंच. मुरूड आपलं जंजिऱ्याचं, एक दापोलीकडे, एक लातुरात. पापडाच्या पार्सलवर तालुका, जिल्हा आणि पिनकोड लिहाच.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला सातबारा आणि पासबुक आणायचं आहे. चष्मा विसरू नका.