साखर, मीठ आणि पेशीचीं दारें

प्रवरेकांठच्या आमच्या बेलापूर भागांत ऊंस कोणास ठाऊक नाहीं? १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, आणि कालव्यांच्या पाण्यानें येथील शेतीचें रूप पालटलें. हरेगांवचा बेलापूर कंपनीचा जुना कारखाना आतां बंद आहे. तरी थंडीच्या दिवसांत उंसाच्या गाड्या रस्त्यानें चाललेल्याच असतात. त्या उंसांत साखर कोठें तयार होते व कोठें राहते, हें समजलें तर आजारी लेंकराचा जीव कसा वाचवावा हेंहि समजतें. म्हणून उपदेशकांनीं हा पाठ मंडळींत, विशेषेंकरून मातांच्या सभेंत, वाचून दाखवावा अशी आमची विनंति आहे.

सर्व सजीवांचीं शरीरें पेशींचीं बनलेलीं आहेत. रॉबर्ट हूक नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें १६६५ सालीं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकांतून पाहिला, तेव्हां त्यास मधाच्या पोळ्यासारख्या कोठड्या दिसल्या. त्या मृत व रिकाम्या होत्या. जिवंत पेशी रिकामी नसते. तिच्याभोंवतीं प्रद्रव्यपटल नांवाचें अति पातळ वेष्टण असतें. आंत पेशीद्रव्य भरलेलें असतें. त्यांत केंद्रक असतें व आईबापांपासून आलेले गुण त्यांत सांठविलेले असतात. तेथेंच तंतुकणिका असतात. त्या अन्नापासून शक्ति काढून देतात. एवढें उंसांत आहे, बैलांत आहे, आणि आपणांतहि आहे.

उंसाच्या पेशींत आणखी कांहीं आहे. पानांतील पेशींत हिरवे हरितलवक असतात. ते सूर्यप्रकाशाच्या बळावर पाणी व हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु यांपासून साखर बनवितात. ती साखर खालीं कांड्यांत उतरते, आणि तेथील पेशींच्या मोठ्या रिक्तिकेंत, म्हणजे पाण्यानें भरलेल्या पिशवींत, सांठून राहते. पौलानें करिंथकरांस अवयवांविषयीं जें लिहिलें तें शिकवितांना हा दाखला द्यावा: पानांतील पेशी साखर करिते, पण कोठार कांड्यांतील पेशीजवळ असतें. शिवाय वनस्पतीच्या प्रत्येक पेशीस बाहेरून टणक भित्तिका असते. चरकांत ती फुटते म्हणून रस निघतो, आणि मागें राहिलेलें चिपाड म्हणजे बहुतेक या भित्तिकाच होत. प्राण्यांच्या पेशींस भित्तिका नसते, म्हणून आपलें अंग मऊ व लवचिक आहे. उभें राहण्यासाठीं मात्र आपणांस हाडें लागतात.

आतां प्रद्रव्यपटलाकडे येऊं. तें पहारेकऱ्यासारखें आहे. वाटेल त्यास आंत सोडीत नाहीं. पाणी मात्र त्यांतून जाऊं शकतें, आणि ज्या बाजूस मीठ किंवा साखर अधिक विरघळलेली असेल त्या बाजूस तें ओढलें जातें. जमीन चोपण झाली कीं पाणी असूनहि पीक सुकतें, त्याचें एक कारण हेंच: बाहेर क्षार अधिक, म्हणून मुळांच्या पेशींस पाणी घेतां येत नाहीं.

पटकीमध्यें हेंच आपल्या आंतड्यांत घडतें. रोगाच्या विषामुळें आंतड्याच्या पेशी मीठ बाहेर टाकूं लागतात, आणि मिठामागोमाग पाणीहि वाहून जातें. लेंकरूं कांहीं तासांत कोमेजतें. अशा वेळीं पाणी दिल्यानें हगवण वाढते असें समजून कित्येक घरांत पाणी तोडतात. या समजुतीनें पुष्कळ लेंकरें दगावलीं आहेत. खरें पाहतां त्याच पेशींस दुसरें एक दार असतें, आणि पटकींतहि तें उघडें राहतें. साखर पोटांत फुटून तिचें ग्लुकोज होतें, आणि हें ग्लुकोज व मीठ जोडीनें आलें म्हणजे त्या दारांतून दोघांसहि प्रवेश मिळतो. त्यांच्यामागून पाणीहि आंत येतें.

१९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धांत लक्षावधि निर्वासित बंगालांत आले. बनगांवच्या छावणींत पटकी पसरली व शिरेंतून देण्याचें पाणी संपत आलें. तेव्हां डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज व मीठ घातलेलें पाणी रोग्यांस तोंडानें पाजविलें. पूर्वीं शंभरांतील सुमारें तीस मरत होते. ते प्रमाण चारांच्या आंत आलें.

दवाखान्यांत किंवा आशाताईंकडे याची पुडी मिळते. तीच प्रथम घ्यावी, व पुडीवर लिहिलें असेल तेवढ्याच पाण्यांत कालवावी. ती नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावें. माप चुकवूं नये. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो, आणि साखर अधिक झाल्यास ती उलट आंतड्यांत पाणी ओढते. चव आसवांपेक्षां खारट लागली तर तें पाणी ओतून टाकावें. चमच्याचमच्यानें पाजावें, वांती झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां द्यावें. आईचें दूध बंद करूं नये. केलेलें पाणी दुसऱ्या दिवशीं वापरूं नये. लेंकराचे डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, शौचांत रक्त दिसलें, किंवा तें पिईनासें झालें, तर वाट न पाहतां दवाखान्यांत न्यावें, आणि पीत असेल तर वाटेंतहि पाजीत राहावें.