अझोला व त्याचा सोबती जंतु

कळंबच्या आसपास पावसाळ्यांत खाचरें भरलीं म्हणजे चिखलणी व लावणी सुरू होते, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. भातास नत्र पाहिजे असतें. हवेच्या पांच भागांपैकीं जवळजवळ चार भाग नत्रच आहे. परंतु हवेंतलें नत्र भातास जसेंच्या तसें घेतां येत नाहीं.

साचल्या पाण्यावर तरंगणारी अझोला नांवाची नेच्याच्या जातीची एक इवलीशी वनस्पति आहे. तिच्या पानांच्या पोकळींत निळे-हिरवे सूक्ष्म जंतु राहतात. ते हवेंतील नत्र बांधून अझोल्यास देतात व त्याच्याकडून आसरा आणि साखर घेतात. अझोला चिखलांत गाडला म्हणजे कुजून तें नत्र भातास मिळतें.

या जंतूचा जनुकसंच, म्हणजे चार अक्षरांच्या लिपींतला त्याचा आनुवंशिक लेख, २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें ५५ लाख अक्षरें आहेत. नत्र बांधण्याचीं जनुकें शाबूत आढळलीं. मात्र जवळजवळ तिसरा हिस्सा जनुकें मोडलेलीं निघालीं. एकट्यानें जगण्यास लागणारीं कित्येक जनुकें त्यांतच आहेत. म्हणून हा जंतु अझोल्याबाहेर वाढवितां येत नाहीं. उलट, जंतु काढून टाकल्यास अझोल्यासही नत्र बाहेरूनच पुरवावें लागतें. ज्याची गरज राहिली तें टिकलें, ज्याची सरली तें गेलें. असा या लेखाचा अर्थ आम्हांस दिसतो.

विद्यार्थ्यांनीं यंदा खाचराच्या एका कोपऱ्यांत अझोला वाढवून लावणीपूर्वीं गाडावा, आणि तेथें युरिया किती कमी लागला, तें वडिलांजवळ बसून मोजावें.