हात पसरला कोणी?

गेल्या चातुर्मासात कीर्तन आटोपल्यावर एका श्रोत्याने आम्हांस गाठले. “बुवा, देवाने निवडले म्हणून माणूस विश्वास ठेवतो, की विश्वास ठेवतो म्हणून देव निवडतो? ख्रिस्ती लोकांत यावरून म्हणे मोठे भांडण झाले.” झाले खरे. प्रश्न परक्या घरचा असला तरी पोरकट नव्हे, म्हणून आज तोच घेतो.

हॉलंडात लायडन येथील विद्यापीठात याकोबस आर्मिनियस हा १६०३ पासून अध्यापक होता. काल्विनपरंपरेचा सिद्धांत असा, की सृष्टीपूर्वीच देवाने काहींना तारणासाठी निवडले, तेही त्यांचा पुढचा विश्वास पाहून नव्हे, केवळ आपल्या मर्जीने. विश्वास हे निवडीचे फळ, कारण नव्हे. आर्मिनियस म्हणे, जे विश्वास ठेवतील त्यांनाच देव निवडतो, आणि कोण ठेवील हे त्याला आधीच ठाऊक आहे. १६०९ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन काढले.

इथे पुष्कळ जण घसरतात. त्यांना वाटते, हा पक्ष म्हणजे स्वतःच्या बळावर तरणारांचा. तसे मुळीच नाही हो! कृपेवाचून माणसाच्या हातून काही होत नाही, हे त्यांनाही मान्यच. भेद एवढाच, की आलेली कृपा माणूस नाकारू शकतो. आर्मिनियसचा दृष्टांत तर एखाद्या कीर्तनात शोभावा. धनिकाने भिकाऱ्याला दान दिले. भिकाऱ्याने हात पसरला म्हणून ते दान राहिले नाही काय? उत्तरपक्षही कच्चा नाही. तो म्हणतो, अहो, हात पसरण्याची इच्छा तरी कुठून आली? तीही देवच उत्पन्न करतो.

आम्हांला दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांचे दोन न्याय आठवतात. माकडिणीचे पोर आईला घट्ट धरून असते. मांजरीचे पिलू काही करीत नाही, आईच त्याला उचलते. पण जे पिलू उचललेच नाही, त्याचे काय? काल्विनपक्षाला हा प्रश्न टाळता आला नाही.

डोर्ड्रेख्त गावी १६१८-१९ मध्ये धर्मसभा भरली. परदेशचे पंडितही आले. निर्णय आर्मिनियसपक्षाच्या विरुद्ध गेला आणि सुमारे २०० उपदेशकांची पदे गेली. शास्त्रार्थात राजकारण आधीच शिरले होते. त्या पक्षाचा पाठीराखा, ७१ वर्षांचा मुत्सद्दी ओल्डेनबार्नेफेल्ट, याचा १३ मे १६१९ रोजी हेग येथे शिरच्छेद झाला. आरोप मात्र राजद्रोहाचा!

त्याच सभेच्या निर्णयांत एक लहानसे कलम आहे. श्रद्धावान आईबापांचे मूल तान्हेपणी देवाघरी गेले, तर त्याच्या निवडीविषयी त्यांनी शंका धरू नये. एवढ्या काटेकोर तार्किकांनाही हे लिहून ठेवावे लागले.

श्रोत्याला हे सांगितले, तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आणि ज्यांचे आईबाप श्रद्धावान नव्हते, त्या लेकरांचे, बुवा?”

त्यांच्याविषयी त्या कलमात काही नाही.