नळीतला पिसारा : सागरी कृमींचे घरगुती संगोपन

पदवी वर्गाच्या प्रात्यक्षिकात ॲनेलिडा संघाचे प्रतिनिधी म्हणून गांडूळ, जळू आणि नेरीस हे तिघेच बहुधा आपल्यापुढे येतात. तेही फॉर्मलीनच्या बरणीतून. याच संघात फुलासारखा पिसारा मिरवणारे व बहुतेक सारे आयुष्य एका नळीत काढणारे प्राणी आहेत, हे पाठ्यपुस्तकातील एखाद्या आकृतीवरून फारसे मनावर ठसत नाही. पिसांच्या झाडणीसारखे दिसतात म्हणून शौकीन लोक त्यांना ‘फेदर डस्टर’ म्हणतात. गेली काही वर्षे मी हैदराबादेत घरी, खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत हे कृमी पाळीत आहे. समुद्रापासून अडीचशे किलोमीटरांहून दूर असलेल्या या पठारावर ते कसे जगवावेत, आणि मुळात पाळावेत की नाही, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

रचना व राहणी

हे कृमी पॉलिकीटा वर्गातील असून त्यांची दोन प्रमुख कुले आहेत. सॅबेलिडी कुलातील कृमी श्लेष्मा, वाळूचे कण व चिखल यांची चामड्यासारखी मऊ नळी बांधतात. सर्प्युलिडी कुलातील कृमी कॅल्शियम कार्बोनेटची कठीण पांढरी नळी तयार करतात. सर्प्युलिडांपैकी अनेकांना पिसाऱ्याचाच एक भाग बदलून झालेले झाकणही असते. प्राणी आत गेला की दार बंद!

पिसारा हा केवळ शोभेचा नव्हे. तो एकाच वेळी जाळे, चाळणी आणि श्वसनेंद्रिय आहे. त्याच्या प्रत्येक काडीवर बारीक उपशाखा असतात व त्यांवर पक्ष्माभिका असतात. त्यांच्या हालचालीने पाणी ओढले जाते व कण मुखाकडे सरकतात. वाटेत त्यांची निवड होते. बारीक कण पोटात जातात, मध्यम कण नळीच्या बांधकामासाठी वापरले जातात आणि मोठे बाहेर टाकले जातात. आपल्याकडील गवंडीसुद्धा वाळू इतक्या काटेकोरपणे चाळीत नाही. यांपैकी अनेकांच्या रक्तात क्लोरोक्रुओरिन नावाचे लोहयुक्त द्रव्य असते; ते विरल असता हिरवे व दाट असता तांबूस दिसते.

पेटीवर हात धरला तर सावली पडताक्षणी पिसारा नळीत अदृश्य होतो. ही चपळाई जाड मज्जातंतूंमुळे येते. मिक्सिकोला या सॅबेलिडात असा तंतू सुमारे १ मिलिमीटर जाड असू शकतो. म्हणूनच माखलीच्या मज्जातंतूप्रमाणे तोही शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला.

पठारावरचा समुद्र

येथे समुद्राचे पाणी आणणे शक्य नसल्याने ते तयार करावे लागते. स्वयंपाकाचे मीठ त्यासाठी निरुपयोगी आहे, कारण सागरजलात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींची क्षारेही ठरावीक प्रमाणात असतात. त्यासाठी सागरी क्षारांचे तयार मिश्रण मिळते. ते दर लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम घालून पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास आणावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते व कूपनलिकेचे पाणी जड असते, म्हणून आर.ओ. यंत्रातून गाळलेलेच पाणी घ्यावे. बाष्पीभवनाने पाणी उडते पण मीठ मागे राहते. म्हणून रोजची तूट गोड्या शुद्ध पाण्यानेच भरून काढावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.

पेटी भरली की लगेच प्राणी सोडू नयेत. अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. सर्प्युलिडांसाठी कॅल्शियमचे प्रमाण लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम राखावे. ते घटले की नळीची वाढ खुंटते. माशांच्या रोगांवरील तांबेयुक्त औषध या पेटीत कधीही घालू नये. माशाला बरे करणारी मात्रा अपृष्ठवंशीयांना मारक ठरते.

हैदराबादेतील खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांत लागते. बाहेर पारा ४० अंशांवर जातो आणि पेटीतील पाणी मात्र २४ ते २७ अंशांवर राहिले पाहिजे. कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला तरी वाळ्याच्या पडद्याच्या तत्त्वाने ते बरेच थंड होते. पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर या उपायाचा जोर ओसरतो. मग शीतकयंत्राखेरीज गत्यंतर नाही.

उपासमारीचा प्रश्न

आतापर्यंतचे सारे पैशाने साधते. खरी अडचण पुढेच आहे. आपल्याला आरशासारखे स्वच्छ पाणी आवडते. या प्राण्याला स्वच्छ पाणी म्हणजे रिकामे ताट. फेस काढणारे गाळणयंत्र पाण्यातील सेंद्रिय कण काढून टाकते व कृमी डोळ्यांदेखत, पण फार सावकाश, उपाशी मरतो. लक्षण एकच : पिसारा गळतो आणि नवा येतो तो आधीपेक्षा लहान. पाण्यातील बिघाड किंवा हाताळणीच्या ताणामुळेही पिसारा गळतो. तेव्हा प्राणी मेला असे समजून नळी फेकून देऊ नये. काही आठवडे थांबावे, नवा पिसारा फुटू शकतो. परंतु दर खेपेस तो लहान होत असेल तर ती भूक आहे, असे ओळखावे.

यावर उपाय म्हणजे वनस्पतिप्लवक घरी वाढवणे. नॅनोक्लोरॉप्सिस या शैवलाची कोशिका अवघी २ ते ४ मायक्रॉनची असते. मी खिडकीत दोन बाटल्यांत ते वाढवतो व अन्न घातल्यावर तासभर गाळणयंत्र बंद ठेवतो. नळी खडकांच्या फटीत, मध्यम प्रवाहात उभी करावी. कृमीला नळीतून ओढून पाहू नये. फुलपाखरू मासा व फुगा मासा यांना त्याच पेटीत जागा देऊ नये, कारण पिसारा हे त्यांचे खाद्य आहे.

पाळावेत की नाही?

रंगीबेरंगी ‘ख्रिसमस ट्री’ कृमी, म्हणजे स्पायरोब्रँकस, हा जिवंत प्रवाळात नळी रोवून राहतो. तो हवा तर प्रवाळ फोडावा लागतो. आपल्या देशात रचनाकारी प्रवाळ, काळे प्रवाळ व सागरपंखे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली घालण्यात आले. मन्नारच्या आखाताचे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८६ चे, मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे. दुकानात मिळतो म्हणून वस्तू निर्दोष ठरत नाही. विकत घेण्यापूर्वी प्राणी कोठून आला हे विचारणे हा ग्राहकाचा हक्क नसून कर्तव्य आहे. उत्तर मिळाले नाही तर रिकाम्या हाताने परतावे. मी स्वतः एक नियम पाळतो : जितक्यांना पोसता येईल, त्याहून एकही अधिक कृमी घरी आणावयाचा नाही.

खरे तर अभ्यासासाठी मोठ्या पिसाऱ्याची गरजही नाही. जुन्या पेटीच्या काचेवर आपोआप उमटणाऱ्या, गोगलगायीसारख्या वळलेल्या २-३ मिलिमीटरच्या पांढऱ्या नळ्या स्पायरॉर्बिस गटातील कृमींच्या असतात. ते पेटीतच प्रजनन करतात. भिंगाखाली त्यांचा पिसारा, झाकण, सारे काही दिसते. सावली पाडून किती वेळाने पिसारा पुन्हा उघडतो हे घड्याळ लावून मोजावे. तीच सावली पुनःपुन्हा पाडल्यास प्राणी तिला सरावतो काय, हेही पाहावे. पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल असा हा बिनखर्चाचा प्रयोग आहे.

ज्यांचे गाव रत्नागिरीकडे आहे त्यांनी, आणि आपल्या कन्नड विभागातील कारवारकडच्या मित्रांनी, सुट्टीत ओहोटीच्या वेळी खडक व शिंपले निरखून पाहावेत. नागमोडी पांढऱ्या नळ्या नजरेस पडतील. त्या उचलून न आणता टिपण करावे. ओळख पटविण्यासाठी ‘फॉना ऑफ इंडिया’ मालेतील फोव्हेल यांचा १९५३ चा पॉलिकीटांवरील खंड आजही उपयोगी पडतो. त्यातील काही नावे मात्र पुढे बदलली आहेत. बरणीतल्या नमुन्यापेक्षा जिवंत प्राणी अधिक शिकवतो, परंतु त्यासाठी तो जिवंत राहिला पाहिजे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने एवढी जबाबदारी ओळखली म्हणजे पेटी लहान असली तरी चालेल.