नर्सरी सल्ला : घटपर्णीचं वेगळं झाड निवडा, छाटानेच वाढवा



शेडनेटमध्ये शोभेची रोपं करणाऱ्यांसाठी आजचा सल्ला.

घटपर्णी म्हणजेच पिचर प्लांट. हिच्यात नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, त्यामुळे बियांची रोपं एकसारखी निघत नाहीत. हापूसची कोय लावून हापूसच येईल याची खात्री नसते, तसंच हे. पण त्यातच एखादं रोप उठून दिसतं. त्याला चांगला भाव मिळू शकतो, मात्र घाई नको.

*१) रंगावर भुलू नका.* दाट सावलीत लाल घट हिरवट पडतो. सगळी रोपं एकाच जाळीखाली, एकाच माध्यमात ठेवा. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघा.

*२) तुलना बरोबरीची करा.* एकाच वेलीवर खालचे घट फुगीर असतात, वरचे निमुळते. खालच्याची तुलना खालच्याशीच.

*३) वाढ छाट कलमानेच.* दोन-तीन डोळ्यांचा छाट घ्या, पानं अर्धी कापा, ओल्या मॉसमध्ये लावून झाकून ठेवा. मुळं सुटायला दोन महिने किंवा जास्तही लागतात. रोज उपटून बघू नका!

*४) छाटाच्या रोपांवर तोच गुण दिसला, तरच वेगळं नाव द्या.* प्रत्येक कुंडीत मूळ झाडाचा नंबर लिहा. त्या झाडाचं बी पेरून आलेली रोपं त्याच नावाने विकू नका. एकदा फसलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि नाव सगळ्यांचंच जातं.

*५) शेणखत, माती, रासायनिक खत कुंडीत नको.* धुतलेले नारळाचे तुकडे, मॉस आणि परलाइट वापरा. पाणी पावसाचं किंवा आरओचं. क्षारयुक्त बोअरचं पाणी चालत नाही.

*६) जंगलातली रोपं घेऊ नका.* भारतात निसर्गतः वाढणारी एकच जात आहे, मेघालयातली नेपेंथिस खासियाना. ती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. सुरुवात नर्सरीत वाढवलेल्या संकरित रोपांनी करा आणि खरेदीची पावती जपून ठेवा.

लक्षात ठेवा : द्राक्षातली तास-ए-गणेश थॉम्सनच्या बागेतूनच निवडलेली आहे. नजर शेतकऱ्याचीच लागते.

तुमच्याकडे वेगळं रोप दिसलं तर खालच्या आणि वरच्या घटांचे वेगवेगळे फोटो, मूळ झाडाच्या नंबरासह, याच क्रमांकावर पाठवा.

– सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी